चूक इस्पितळाची असते आणि ओरडा काउंटरवर बसलेल्याला बसतो, तेव्हा काय करावं?

फोंड्याच्या एका इस्पितळात रिसेप्शनवर नवीन लागलात, चुका दुसऱ्यांच्या आणि लोक तुमच्यावर चिडतात, असं तुम्ही लिहिलंय. मी उत्तर गोव्यातल्या एका खाजगी इस्पितळात अकरा वर्षं काउंटरवर आहे.

एक दुपार मी विसरत नाही. डिचोलीच्या एका आजींचं ऑपरेशन सकाळी नऊचं. मधुमेह, रात्रीपासून पोटात काही नाही. मध्येच अपघाताची केस आली, ओटीची, म्हणजे ऑपरेशन थिएटरची, यादी बदलली आणि वॉर्डला कुणी कळवलंच नाही. दोन वाजता मुलगा काउंटरवर हात आपटत आला, "आमी कितें करपाचें?" त्याआधी तिघांनी त्याला "बघतो" म्हणून परत पाठवलं होतं.

मी त्याला बाकावर बसवलं आणि त्याच्यासमोरच ओटीला फोन लावला. ऑपरेशन आज नाही, उद्या पहिलं. तेच त्याला सांगितलं. वर म्हटलं, "सकाळीच कळवायला हवं होतं, चूक आमची आहे." मग आजींची साखर तपासून घेतली, डॉक्टरांना विचारून पेज मागवली. मुलाचा राग गेला नाही, जायचं कारणही नव्हतं. त्याने तक्रार लिहायला मागितली, मी वही दिली, वेळा बरोबर लिहायला मदतही केली. त्या तक्रारीनंतरच यादी बदलली की ओटीतून वॉर्डला फोन जाऊ लागला. म्हणून तक्रार वही कधी लपवू नका.

सगळ्यात जास्त भांडणं डिस्चार्जची. राउंडला डॉक्टर "आज घरी" म्हणतात, लोक दहालाच पिशव्या भरतात. पण उरलेली औषधं परत जायची, समरी टाइप व्हायची, विम्याची किंवा गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य योजनेच्या कार्डाची मंजुरी यायची, चार वाजतात. हे सकाळीच सांगा. आणि चार वाजतील असं वाटलं तर पाच सांगा.

केस पेपरच्या प्रती कुणी मागितल्या तर टाळाटाळ नको. 2002 च्या वैद्यकीय नियमांप्रमाणे मागणीनंतर 72 तासांत द्यायच्या असतात. मागणीचा अर्ज घेऊन पोच द्या.

कुणी अंगावर धावून आलं तर मात्र एकटीने समजावत बसू नका, सुरक्षारक्षकाला बोलवा. इस्पितळातल्या हिंसेविरुद्ध गोव्यात 2013 चा वेगळा कायदा आहे. पण मोठ्याने बोलणं म्हणजे हल्ला नव्हे. आत ज्याची आई आहे त्याचा आवाज चढणारच.

आणि ड्यूटी संपताना पुढच्या शिफ्टला तोंडी सांगून जा: कुठल्या खोलीचे लोक नाराज आहेत, कशामुळे, आपण त्यांना काय कबूल केलंय. तीच कहाणी त्यांना चौथ्या माणसापुढे पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावू नका.