ठाण्यातल्या फ्लॅटच्या ग्रिलमध्ये मुलीला भाजी पिकताना दाखवायची आहे. सकाळी चार-पाच तास ऊन येतं. काय लावू?

एवढं ऊन पुरतं. मेथीपासून सुरुवात करा, तीसुद्धा डब्यातल्याच दाण्यांनी. रात्रभर भिजवून पसरट कुंडीत पेरा आणि वर मातीचा पातळ थर द्या. दोन-चार दिवसांत कोंब दिसतात, तीन-चार आठवड्यांत भाजी खुडता येते. मुलांचा धीर टिकतो तो असा. कोथिंबीर मात्र दिवाळीनंतरच लावा, आपल्या पावसात ती कुजते.

पण खरं शिकायला मिळतं ते कारल्याच्या वेलावर, म्हणून जूनमध्ये एक तरी बी लावाच. ग्रिल असल्याने मांडव आयताच मिळाला! आधी नुसती नर फुलं येतात, घाबरू नका. मग एके दिवशी पिवळ्या फुलामागे बोटाच्या पेराएवढं खरखरीत कारलं दिसेल, ती मादी. वरच्या मजल्यांवर मधमाश्या कमीच फिरकतात. सकाळी लवकर, फूल ताजं असताना, नर फूल तोडून त्याचे पराग मादीच्या मधोमध हलकेच टेकवायचे. हे काम मुलीलाच करू द्या. परागण झालं तर ते इवलं कारलं वाढतं, नाहीतर पिवळं पडून गळतं.

माती लाल, त्यात शेणखत आणि थोडं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. कुंडीचं भोक मोकळं ठेवा, पावसाळ्यात मुळं गुदमरतात. ग्रिलला वजन बेताचंच द्या.

आणि जुलैत एखाद्या रविवारी तिला मुरबाड-शहापूरकडे नेऊन भातलावणी नक्की दाखवा.