जेट बोट हळू चालवताना ताब्यात राहत नाही, रिव्हर्सलाही जोर नाही. मागे फिन (बुडाखाली लावायच्या उभ्या पट्ट्या) बसवू का?

फिन नका बसवू. निदान आत्ता तरी.

तुम्ही लिहिलंय की न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला जुनी पाच मीटरची अ‍ॅल्युमिनियम बोट घेतली, हॅमिल्टनचं एकच जेट आहे, धक्क्याजवळ ती भरकटते आणि रिव्हर्सला नुसता फेस येतो. मीही त्याच कॅन्टरबरी भागात राहतो. पहिल्या उन्हाळ्यात बेनमोर सरोवरावर धक्का जवळ आलेला बघून घाबरलो, थ्रॉटल पूर्ण सोडला आणि चाक गरागरा फिरवलं. बोट सरळ जाऊन आदळली. बायको दोरी हातात घेऊन पुढे उभी होती. कोणी जेवायला आलं की हा किस्सा अजून निघतो.

जेट म्हणजे बुडातल्या इनटेकमधून पाणी ओढून मागे झोत मारणारा पंप. त्याला सुकाणू नसतंच. पाण्याचा झोत वळतो म्हणून बोट वळते, झोत मेला की चाक म्हणजे खेळणं. त्यात बुडाखाली काहीच नसल्याने नॉर्वेस्टर वारा सुटला की बोट पत्रावळीसारखी वाहत जाते. पण बुडाखाली काही नसावं, हाच तर या बोटीचा मूळ हेतू. बिल हॅमिल्टन यांनी 1954 मध्ये आपली पहिली जेट बोट केली ती इथल्या उथळ, गोट्यांनी भरलेल्या नद्यांसाठी. तिथे साधा प्रोपेलर टिकत नाही. मग फिन तरी कसे टिकतील? फक्त सरोवरात फिरणार असाल तर पुढे जाताना त्यांचा थोडा उपयोग होतो, रिव्हर्सचा जोर मात्र त्यांनी वाढत नाही.

आधी हाताची सवय बदला. धक्क्याजवळ थ्रॉटलला हातच लावू नका. इंजिन आयडलपेक्षा जरा वर ठेवा (माझं 1200 आरपीएमच्या आसपास असतं) आणि फक्त बकेटच्या (झोतावर खाली येऊन त्याला उलटा वळवणाऱ्या झाकणाच्या) दांड्याने खेळा. बकेट अर्धी खाली आली की झोत पुढे-मागे सारखा वाटला जातो आणि बोट जागच्या जागी थांबते. जेटचा न्यूट्रल तो हाच. गंमत म्हणजे या स्थितीतही चाक पूर्ण काम करतं, बोट जागेवर गोल फिरवता येते. हे एकदा जमलं की निम्मी कटकट संपते.

रिव्हर्समध्ये गाडीची सवय विसरा. चाक डावीकडे फिरवलं की बोटीचं नाक डावीकडेच जातं, पुढे जात असा वा मागे. म्हणजे शेपूट उजवीकडे. मला हे अंगवळणी पडायला एक अख्खा उन्हाळा लागला.

आता जोराचं. बकेट झोताला उलटा वळवून बुडाखाली पुढच्या दिशेने फेकते. या वळणात बरीच ताकद वाया जाते, त्यामुळे पुढे जातानाइतका जोर रिव्हर्सला कधीच मिळणार नाही. वैतागून थ्रॉटल वाढवला की तेच फेसाळ पाणी इनटेकमध्ये परत ओढलं जातं, इम्पेलरला (पंपातल्या फिरत्या पंख्याला) हवा मिळते, इंजिन ओरडतं आणि जोर उलट घटतो. तुमचा फेस बहुधा हाच आहे. थ्रॉटल कमी करून बघा.

तरीही बोट ढिली वाटली तर ट्रेलरवर घेऊन तीन गोष्टी तपासा. बकेट पूर्ण खाली येते का? जुन्या बोटीत केबल ताणलेली असते आणि शेवटचा इंचभर राहून जातो. इनटेकच्या जाळीत शेवाळ किंवा गोटे अडकलेत का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, इम्पेलर आणि वेअर रिंग (त्याच्याभोवतीचं बदलता येणारं कडं) यांमधली फट. वाळू-खडी ओढून ओढून इम्पेलरच्या कडा झिजतात, फट वाढते आणि पाणी मागे गळतं. वेगात हे चटकन कळत नाही. माझ्या बोटीचं नेमकं हेच निघालं. रिंग बदलल्यावर रिव्हर्स ओळखू येईना, इतका फरक पडला. फट किती चालेल ते तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) स्वतः मोजता येते.

आणि हा सराव खोल पाण्यात करा. गुडघाभर पाण्यात रिव्हर्स मारलात तर झोत तळाची खडी उडवतो आणि ती थेट इनटेकमध्ये जाते. नवी रिंगही एका दुपारीत खराब होईल.