ग्रीक देवळाला 'गाभारा' असतो का?

प्रश्न असा आहे: अथेन्समधल्या पार्थेनॉन या प्राचीन वास्तूवरच्या एका लेखाचा मराठी अनुवाद करताना, मूर्ती होती त्या आतल्या खोलीला 'गाभारा' म्हणावे का? आणि मुळात त्या वास्तूला 'देऊळ' म्हणावे की 'मंदिर'?

दुसऱ्या भागाचे उत्तर सोपे, म्हणून ते आधी. दोन्ही शब्द चालतील, आणि अगदी चपखल बसतील. ग्रीकांचा देवळासाठीचा शब्द 'नाओस'. राहणे, वस्ती करणे या अर्थाच्या 'नाइएइन' या क्रियापदाशी त्याचे नाते आहे. म्हणजे नाओस हे देवाचे राहते घर. आपले 'देऊळ' आले 'देवकुल'वरून, जसे 'राजकुल'वरून 'राऊळ'. आणि संस्कृतात 'मंदिर' म्हणजे आधी घर, मग देवाचे घर. मला या ठिकाणी 'देऊळ' अधिक आवडते, कारण 'मंदिर' आता बालकमंदिर, नाट्यमंदिर असे बरेच पसरले आहे. पण ही आवड झाली, नियम नव्हे.

'गाभारा' मात्र जपून वापरावा. हा शब्द 'गर्भागार'वरून आला आणि त्यातला गर्भ अजून जिवंत आहे. गाभारा म्हटले की आपल्याला काय दिसते? ओणवे होऊन ओलांडायचा उंबरा, समईचा मिणमिणता उजेड, तेलाचा आणि ओल्या फुलांचा वास, पुजारी आत आणि आपण बाहेर. आता पार्थेनॉन पाहा. इ.स.पू. ४४७ ते ४३२ या काळात अथेन्सच्या अक्रोपोलिस या टेकडीवर ते उभे राहिले. आतल्या पूर्वेकडच्या दालनात फिडियास या शिल्पकाराने घडवलेली अथीना देवीची सोन्या-हस्तिदंताची मूर्ती होती, उंची सुमारे १२ मीटर. दार पूर्वेला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक खिडकी. सकाळचे ऊन थेट आत येई. मूर्तीपुढे पाणी ठेवत, कारण टेकडीवरच्या कोरड्या हवेत हस्तिदंत तडकू नये. ऑलिंपियात उलटे, तिथली जमीन दलदलीची, म्हणून झ्यूसच्या मूर्तीपुढे तेल असे. पाउसानियास या प्राचीन प्रवाशाने हे दोन्ही टिपून ठेवले आहे. एवढ्या उंच, उजेडाच्या दालनाला गाभारा म्हटले तर वाचकापुढे भलतेच चित्र उभे राहते. तिथे सरळ 'मूर्तीचे दालन' लिहावे. शिवाय 'पार्थेनॉन' या नावाचा अर्थच 'कुमारिकेचे दालन' असा लागतो, आणि ते आधी एकाच दालनाचे नाव होते, पुढे अख्ख्या वास्तूला पडले, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

मग 'गाभारा' ग्रीसमध्ये कुठेच चालणार नाही का? चालेल, आणि फार सुंदर चालेल: डेल्फीला. अपोलोच्या तिथल्या देवळात अगदी आतल्या जागेला 'अदुतॉन' म्हणत. त्यातला 'अ' हा आपल्या 'अगम्य'मधलाच नकाराचा 'अ', दोन्ही एकाच मुळातून आलेले. पुढचा भाग 'आत शिरणे' या क्रियापदाचा. जिथे शिरायचे नाही ती जागा. तिथे तिवईवर बसून पीथिया ही पुजारीण देवाचा कौल सांगे. (इथे 'भविष्य' न लिहिता 'कौल' लिहावे. कोकणात देवाला कौल लावणाऱ्या माणसाला हे वेगळे समजवावे लागत नाही.)

पीथिया हे नाव कुठून आले, ती कथा इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. अपोलोने डेल्फीला एका प्रचंड सर्पिणीला बाणाने मारले. होमरच्या नावावर चालत आलेल्या स्तोत्रात अपोलो तिच्यावर उभा राहून म्हणतो की आता इथेच कुजत पड. आणि उन्हाने ती खरोखर कुजली. कुजणे म्हणजे ग्रीकमध्ये 'पीथेइन', म्हणून त्या जागेचे नाव पीथो आणि देव पीथियन अपोलो. स्थळनावाची ही व्युत्पत्ती कथेतली आहे, पण क्रियापदाचे मूळ पक्के आहे: संस्कृत 'पूयति', 'पूति' त्याच कुळातले, आणि जखमेतला आपला 'पू'सुद्धा. मला हे पहिल्यांदा कळले तेव्हा कितीतरी वेळ तो एकाक्षरी शब्दच डोक्यात घोळत राहिला.

तुमच्या अनुवादात पुढे लागतील असे आणखी काही शब्द. पायऱ्यांच्या दगडी बैठकीला 'जोते' म्हणा. भोवतालच्या खांबांच्या रांगेला काही जण 'प्रदक्षिणामार्ग' लिहितात, ते टाळा. तो भाग प्रदक्षिणेसाठी बांधलेला नाही, त्याला 'पडवी' पुरेल. सभामंडपही नाही, कारण बळी आणि होम बाहेरच्या वेदीवर होत आणि माणसे उघड्यावर जमत. शिखर तर नाहीच, छप्पर दुपाखी. दुपाखीतला 'पाख' म्हणजे पक्ष, पंख. ग्रीकांनी त्याच छपराखालच्या त्रिकोणी दर्शनी भागाला 'आएतोस', म्हणजे गरुड, हे नाव दिले होते. पार्थेनॉनच्या पूर्वेकडच्या त्रिकोणात झ्यूसच्या मस्तकातून अथीनेचा जन्म आहे, पश्चिमेकडच्यात अथेन्ससाठी तिचा समुद्रदेव पोसायडनशी झालेला झगडा: त्याने त्रिशूळ मारून खाऱ्या पाण्याचा झरा काढला, तिने ऑलिव्हचे झाड दिले आणि नगर तिचे झाले.

आणि ऑलिंपियाच्या पवित्र आवाराला 'आल्तिस' म्हणत, तो शब्द तसाच ठेवलात तर अर्थ मात्र जरूर द्या. आल्तिस हे 'आल्सोस'चे तिथल्या बोलीतले रूप, अर्थ देवाची राखलेली झाडी. त्याला मराठीत 'देवराई' हा शब्द तयारच आहे.