नोकरीचं नंतर बघू, आधी फिल्मची मास्टर प्रत सांभाळ

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या फिल्मचा रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जोडणी, पाहिला. इचलकरंजीच्या शेडमधला, कांड्या भरणाऱ्या बाईच्या हातांवरचा लांब शॉट कापलायस. कोणीतरी 'बोअर होतंय' म्हणालं असणार. तो परत लाव. मागांच्या खडखडाटाला कान सरावायला तेवढा वेळ लागतोच, आणि कान सरावल्यावरच तिचे हात दिसायला लागतात.

नोकरी सोडू का, असं विचारलंस. इतक्यात नको. लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग, कंपन्यांच्या फिल्म, मिळेल ते कर. त्यात कमीपणा कसला? कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवायचे, आणि पुढे स्वतः कॅमेरा तयार करून त्यांनी चित्रपट काढले. निधीसाठी लिहिलेला तुझा जाडजूड प्रस्ताव मात्र तूर्त बाजूला ठेव. 1912 मध्ये फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन आले, तेव्हा पैसे लावायला कोणी पुढे येत नव्हतं. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कोंब फुटून वेल वाढेपर्यंत रोज थोडं थोडं चित्रण केलं. 'अंकुराची वाढ' पडद्यावर पाहिली तेव्हा कुठे भांडवलाची सोय झाली, आणि 3 मे 1913 ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. तुझी ही बारा मिनिटं आधी पुरी कर. प्रस्तावापेक्षा तीच जास्त बोलतील.

आता तू न विचारलेलं. चित्रकार अकबर पदमसींना 1969 च्या सुमारास नेहरू फेलोशिप मिळाली. त्या पैशांतून त्यांनी मुंबईत एक कार्यशाळा उभी केली. चित्रकार, छायाचित्रकार तिथे कॅमेरा हाताळायला येत; चित्रकार नलिनी मलानी तेव्हा विशीत होत्या, त्यांनीही तिथे फिल्म केल्या. पदमसींची 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर' ही 16 मिमीवरची छोटी फिल्म तेव्हाचीच. तिची एकच प्रत होती. ती दिल्लीला प्रदर्शनासाठी गेली आणि हरवली. पुढे दिग्दर्शक अशिम अहलुवालियाने म्हाताऱ्या पदमसींना सोबत घेऊन, त्यांच्या आठवणीवरून ती पुन्हा घडवायचा प्रयत्न केला. एवढा मोठा चित्रकार, आणि फिल्म उरली ती आठवणीत!

तुझं सगळं काम त्या एका निळ्या हार्ड डिस्कवर आहे, हे मला माहीत आहे. आणखी दोन प्रती काढ, त्यातली एक दुसऱ्या गावात ठेव. नुसती फिल्म नव्हे. सबटायटलची फाइल, संवाद आणि आवाज वेगवेगळे, एडिटिंगची प्रोजेक्ट फाइलही. डिस्क कपाटात ठेवून विसरू नकोस, वर्षातून एकदा लावून बघ.

मास्टर हातात असला तरी हक्क हातात असतातच असं नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याने चित्रपटाचा पहिला मालक निर्माता असतो, दिग्दर्शक नाही. तुझ्या मित्राच्या काकांनी प्रेमाने पैसे घातलेत हे खरंच. पण त्यांचं नाव निर्माता म्हणून जाणार असेल तर फिल्म कोणाची, हे आत्ताच लिहून घे. काका चांगले आहेत तोवरच हे लिहून होतं. शेडमधल्या रेडिओवर मागे गाणं वाजतंय, त्याचेही हक्क लागतील; नाहीतर तेवढा आवाज बदल. आणि त्या बाईंचं संमतिपत्र मराठीत कर, त्यांना वाचून दाखव, मग सही घे.

गॅलरीवाले विचारतायत, हे उत्तमच. ते पाच प्रतींची वगैरे एडिशन मागतील, म्हणजे विकायला तेवढ्याच प्रती; फिल्म जेवढी दुर्मीळ तेवढी त्यांना बरी. महोत्सवाला ती लोकांना दाखवायची असते, आणि अनेकांना आपल्याकडेच पहिला खेळ हवा असतो. दोन्ही जमतं, पण महोत्सवात दाखवायचा हक्क तुझ्याकडे राहील, हे गॅलरीच्या कागदावर स्वच्छ हवं. तोवर यूट्यूबवर काही टाकू नकोस, मित्रांनी कितीही गळ घातली तरी.

गोव्याच्या फिल्म बझारचं, जिथे निर्माते नि वितरक भेटतात, ते पुढच्या फिल्मच्या वेळी बघू.

करारात 'सर्व माध्यमं, कायमस्वरूपी' असे शब्द दिसले तर सही न करता आधी मला पाठव. संध्याकाळी सातनंतर फोन कर, तोपर्यंत मी एडिटवर असतो.