रान माजलेला वाफा एकदम खणून साफ करावा का?

कोथरूडचं जुनं घर, कंपाउंडच्या भिंतीलगत पंधरा बाय चार फुटांचा वाफा, चार वर्षं कुणी हात लावलेला नाही, आणि माळी म्हणतोय की एका दिवसात कुदळीने खणून मोकळा करून देतो. त्याला हो म्हणू का, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: आत्ता नको. आधी आत काय काय वाढलंय ते ओळखा, मग कुदळ लावा.

हे कळकळीने सांगतेय, कारण सहकारनगरला आमच्याकडे नेमकं हेच झालं. सासूबाई गेल्यावर त्यांचा वाफा तीन वर्षं तसाच राहिला. मग मे महिन्यात माणूस लावून सगळा खणून घेतला. काळीभोर, भुसभुशीत माती बघून फार बरं वाटलं होतं. जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाले आणि आठ-दहा दिवसांत वाफाभर लव्हाळा उगवला, पूर्वीपेक्षा कितीतरी दाट. शिवाय खणताना आल्यासारखे दिसणारे कंद निघाले होते, ते राडारोड्याबरोबर टाकून दिले. तो सासूबाईंचा सोनटक्का होता. ती चुटपुट मला अजून आहे.

लव्हाळा असा का येतो, ते स्वतः बघा. ओल्या मातीतून एक रोप हळूच ओढा. पाती हातात येतात, खाली दोऱ्याएवढं मूळ असतं, ते मध्येच तुटतं. त्याच जागी खुरप्याने वीतभर खाली जा. काळपट, हरभऱ्याएवढी गाठ सापडेल, तिच्यापुढे दोरा, दोऱ्याला पुढची गाठ. गाठ नखाने फोडली की दिवाळीतल्या उटण्याचा वास येतो, कारण उटण्यातला नागरमोथा याच जातकुळीतला. साखळी अखंड असते तोवर यातल्या बऱ्याच गाठी झोपलेल्या असतात. कुदळीने साखळी तुटली की एकेक गाठ वेगळं रोप होऊन वर येते. हरळीचंही तसंच, तिच्या कांडीचा तुकडा मातीत राहिला तरी पुरतो. (मूठभर हरळी कुंडीत लावून ठेवा, गणपतीत दूर्वा घरच्या होतील.)

म्हणून पहिल्या दिवशी फक्त विळ्याने वरचं रान जमिनीलगत कापा. त्याआधी लांब काठीने आपटून घ्या आणि गमबूट घाला. पुण्यात अशा अडगळीत घोणस सापडते. साप दिसला तर हात न लावता वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा.

गाजरगवत असेलच. आपल्याकडे त्याची पहिली नोंदच १९५०च्या दशकात पुण्यातली आहे. ते मात्र उपटायला सोपं, मूळ सरळ खाली जातं. फुलं यायच्या आधी, माती ओली असताना मुळासकट काढा. एकेका झाडाला हजारोंनी बिया धरतात, त्यामुळे फुललेलं गवत कंपोस्टमध्ये टाकू नका. हातमोजे, पूर्ण बाह्या, नाकाला रुमाल हवाच. मला कोपरापर्यंत पुरळ उठून पंधरा दिवस आग होत होती. भिंतीच्या कडेने उंबर किंवा पिंपळाचं रोप दिसलं तर तेही आत्ताच काढा, मूळ भिंतीत शिरलं की काम हाताबाहेर जातं.

कापून झाल्यावर आठवडाभर पाणी घाला आणि काय फुटतंय ते बघा. जुने कंद असतील तर कोंब दिसतील, तिथे काटकी रोवून खूण करा. मग खुरप्याने तीन-तीन फुटांचा पट्टा घेऊन लव्हाळ्याच्या गाठी वेचा. अख्खा वाफा एका दिवसात उरकायला जाऊ नका, शेवटी हात घाई करतात आणि गाठी मागे राहतात. गाठी कंपोस्टमध्ये न टाकता उन्हात कडक वाळवा.

पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात धरला तरी तुमच्याकडे दोन महिने आहेत. कंद काढून घेतलेल्या भागावर माती चांगली भिजवून पारदर्शक प्लॅस्टिक ताणून अंथरा, कडा मातीत दाबा आणि एप्रिल-मेच्या उन्हात चार ते सहा आठवडे राहू द्या. काळं नको, पारदर्शकच. वरच्या थरातल्या बऱ्याचशा तणांच्या बिया त्या उष्णतेने मरतात. खोलवरचा लव्हाळा मात्र याने जात नाही. पाऊस सुरू झाल्यावर दर आठ-दहा दिवसांनी वर येणारी पाती गाठीसकट काढत राहायचं, नव्या गाठी धरायच्या आत.

तणनाशकाचं विचारलंय, तर ग्लायफोसेटचा वापर २०२२ पासून केंद्र सरकारने पेस्ट कंट्रोलवाल्यांपुरता मर्यादित केलाय. साठ चौरस फुटांसाठी त्याच्या वाटेला जाऊच नका.

पहिल्या पावसाला लगेच गुलाब, जास्वंद लावायचा मोह होतो. त्याऐवजी ताग दाट पेरा. लव्हाळ्याला सावली सोसत नाही आणि ताग महिन्याभरात कमरेएवढा होतो. सहा-सात आठवड्यांनी फुलं दिसायला लागली की कापून तिथेच मातीत मिसळा, दोन-तीन आठवडे कुजू द्या. आम्ही दुसऱ्या वर्षी हेच केलं. गणपती झाल्यावर शेजारच्या काकूंनी सोनटक्क्याचे दोन कंद दिले. सासूबाईंनीच कधीतरी त्यांना दिलेले होते ते. आता भिंतीलगत तेच आहेत.