बीटलचं इंजिन मोठं करायला कर्ज काढू का?

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. मामांकडून आलेली १९७२ ची फोक्सवॅगन बीटल, १६०० सीसी, हवेवर थंड होणारं इंजिन, बरीचशी ओरिजिनल. तुमचं वय ३९, घरात नवरा आणि शाळेत जाणारी मुलगी, नवऱ्याचं काम फ्रीलान्स त्यामुळे घर मुख्यतः तुमच्या पगारावर. वर्षाला पाच-सहा अमॅच्युअर इव्हेंट करायचेत, थोडं हिलक्लाइंब (चढाच्या रस्त्यावर वेळेशी शर्यत), थोडं सर्किट (बंद ट्रॅकवरची शर्यत). गॅरेजवाल्याने २२७६ सीसीचं इंजिन, दोन वेबर कार्ब्युरेटर, पुढे डिस्क ब्रेक, सस्पेन्शन, रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा पाइपचा सांगाडा) असं सगळं धरून जो आकडा दिलाय तो तुमच्या हातात येणाऱ्या नऊ पगारांइतका आहे. त्यातले चार पगार इमर्जन्सीच्या ठेवीतून आणि पाच पर्सनल लोनमधून, १२ टक्क्यांनी, तीन वर्षं. आणि तुमचं म्हणणं की हवेवरच्या गाड्यांच्या किमती वाढतायत, म्हणजे पैसा कुठे जात नाही.

या पद्धतीने नको. गाडी ट्रॅकवर न्यायला माझी ना नाहीये, उलट नेलीच पाहिजे, पण पैसा कुठून येतोय आणि आधी कशावर जातोय ते दोन्ही उलटं झालंय.

हातात येणारा पगार १०० धरा. तुम्हीच लिहिल्याप्रमाणे घरखर्च ५५, घराच्या कर्जाचा हप्ता १५, लांब पल्ल्याची गुंतवणूक २०, आणि मोकळे उरतात १०. आता ५०० चं लोन १२ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं की महिन्याचा हप्ता येतो साधारण १६.६. म्हणजे मोकळे १० गेलेच आणि वर ६.६ कमी पडले, आणि अजून गाडीत पेट्रोलसुद्धा टाकलेलं नाही. इव्हेंटची फी, टायर, ब्रेक पॅड, ऑइल, गाडी ट्रेलरवर टाकून नेणं-आणणं, लायसन्स, मेडिकल, हे सगळं अजून यायचंय. त्याला महिन्याला आणखी १० धरले, जे मला कमीच वाटतात, तर गुंतवणुकीच्या २० पैकी १६.६ थांबवावे लागतील. तीन वर्षांत ते झाले जवळपास ६००. महागाईच्या वर नुसता ४ टक्के परतावा धरला तरी तुमच्या साठीपर्यंत त्याचे दुपटीहून जास्त होतात, म्हणजे आजच्या भावाने बारा पगार. गॅरेजवाल्याच्या कागदावर नऊ लिहिलेत, हे बारा कुठेच लिहिलेले नाहीत.

आणि इमर्जन्सी फंड. आज ६०० आहेत आणि अत्यावश्यक खर्च (घरखर्च आणि घराचा हप्ता) ७०, म्हणजे नोकरी गेली तर साडेआठ महिने निभतं, नवऱ्याचं उत्पन्न वरखाली होणारं असताना हे अगदी बरोबर आहे, कौतुकच आहे तुमचं. त्यातले ४०० काढले की राहिले २००, आणि खर्च हप्त्यासकट झाला ८६.६. म्हणजे सव्वादोन महिने. साडेआठवरून सव्वादोन, तेही इंजिनातल्या एका कॅमशाफ्टसाठी! हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हप्ता असतो.

आता किमती वाढतायत या मुद्द्याकडे, कारण हा सगळ्यांनाच पटतो आणि इथेच फसायला होतं. पोर्शने हवेवरची ९११ ही स्पोर्ट्स कार बनवणं १९९८ मध्ये थांबवलं, त्यानंतर संख्या वाढणार नव्हती, त्या गाड्यांना मागणी मोठी होती म्हणून त्या वर गेल्या. बीटलचं तसं नाही हो. ती २००३ पर्यंत मेक्सिकोत बनत होती आणि एकूण आकडा २ कोटी १५ लाखांच्या वर आहे, दुर्मीळ म्हणावी अशी ही गाडी नाही. जुन्या बीटलला चांगली किंमत येते तीही ओरिजिनल असेल, कागदपत्रं असतील, इंजिन नंबर जुळत असेल तर, आणि तुम्ही नेमकं तेच काढून टाकायला निघालात. इंजिनाचा नंबर क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य खोक्यावर, कोरलेला असतो. २२७६ म्हणजे ९४ मिमी व्यासाचे पिस्टन आणि ८२ मिमी स्ट्रोकची (पिस्टनच्या वरखाली चालीची) क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, तुमच्याकडे आत्ता ८५.५ आणि ६९ आहे. मोठे सिलिंडर बसवायला केसची तोंडं मोठी कापावी लागतात, लांब स्ट्रोकची क्रँक आत फिरायला जागा करावी लागते, आणि केसचं एकदा कापलेलं मॅग्नेशियम परत येत नाही. रेससाठी तयार केलेली गाडी विकताना समोरचा माणूस तुमची बिलं बघतसुद्धा नाही, तो एवढंच विचारतो की इंजिन किती तास पळालंय. त्यामुळे हा खर्च मी गुंतवणूक म्हणून धरणारच नाही, हा सरळ उपभोगाचा खर्च आहे, एखाद्या लांबच्या प्रवासासारखा, आणि तसा करायला काहीच हरकत नाही, फक्त तो हौसेच्या पैशातून करायचा.

गॅरेजवाल्याची यादी मी नीट वाचली. माणूस प्रामाणिक वाटतो, पण त्याने इंजिनापासून सुरुवात केलीय आणि हवेवरच्या गाडीत हे फार महाग पडतं. एकतर ताकद वाढली की उष्णता वाढते आणि ती बाहेर काढायला तुमच्याकडे तोच एक पंखा आणि तेच ऑइल. स्टॉक इंजिनात ऑइल मावतं अडीच लिटर, आणि फिल्टर नाहीच, नुसती एक जाळी. तुमचं मॉडेल ७२ चं आहे ही चांगली गोष्ट, ऑइल कूलर मागे सरकवलेला असणार, त्याआधीच्या इंजिनात तो पंख्याच्या खोक्यात मधेच उभा असायचा आणि तीन नंबरच्या सिलिंडरला हवाच नीट पोचायची नाही. पण तरी २२७६ ला बाहेरचा कूलर, फुल फ्लो फिल्टर (सगळं ऑइल गाळणारा), खोल संप (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) हे घ्यावंच लागतं, नाहीतर लांब वळणात ऑइल एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग गेलं. मग ताकद आली म्हणून क्लच, क्लच आला की गिअरबॉक्स कुरकुरणार, वेग आला म्हणून ब्रेक. या यादीतला प्रत्येक आयटम पुढच्याला बोलावून आणतो, म्हणून नऊ पगारांचा अंदाज मी बारा धरूनच वाचतो, अशा कामात एक तृतीयांश वर जाणं अजिबात नवल नाही.

शिवाय क्लासचं, म्हणजे शर्यतीतल्या गटाचं, काय? बऱ्याच ठिकाणी १६०० सीसीपर्यंत एक क्लास असतो. तुम्ही आत्ता त्यात बसता. २२७६ केलं की वरच्या क्लासात, जिथे समोर पाण्यावर थंड होणाऱ्या, दर सिलिंडरला चार व्हॉल्व्हच्या, तुमच्याहून कितीतरी नव्या गाड्या. आणि हिस्टॉरिक प्रकारात उतरायचं मनात असेल तर तिथे गाडी त्या काळच्या स्पेसिफिकेशनमध्येच लागते, मग हे इंजिन चालणारच नाही. म्हणजे बारा पगार घालून जिंकण्याची शक्यता कमी करायची! आधी ज्या इव्हेंटला जायचंय त्यांची नियमावली आणून वाचा, फुकट मिळते.

खेळाचा प्रकार कुठला निवडता यावर पैशाचा निम्मा हिशेब ठरतो, आणि हे कुणी सांगत नाही. हिलक्लाइंब किंवा ऑटोक्रॉसमध्ये (आखलेल्या वाटेवर एकेकट्याने वेळेशी शर्यत) गाडी एक-दोन मिनिटं जीव तोडून पळते आणि मग उभी राहते, ऑइल तापायच्या आत रन संपलेली असते, टायरही फार झिजत नाहीत, स्टॉक १६०० इंजिन ते आनंदाने सोसतं. सर्किटवर वीस मिनिटं सलग फुल थ्रॉटल म्हणजे वेगळाच संसार. तिथे इंजिन ही झिजणारी वस्तू आहे असं धरून प्रत्येक तासामागे रीबिल्डसाठी पैसे बाजूला टाकावे लागतात, जसे आपण टायरसाठी टाकतो तसेच. म्हणून पहिलं वर्ष तुम्ही हिलक्लाइंब आणि ऑटोक्रॉसच करा असं माझं मत, सर्किट हवंच असेल तर एखादा ट्रॅक डे (शर्यत नसलेला, ट्रॅकवर सरावाचा दिवस), तोही ऑइल टेम्परेचरचा गेज लावल्यावरच.

मग पैसे कसे? महिन्याचे मोकळे १० म्हणजे वर्षाचे १२०, आणि तुम्ही लिहिलंय तो एका पगाराचा बोनस, त्यातला अर्धा घ्या, झाले १७०. हे पहिल्या वर्षाचं पूर्ण बजेट, इव्हेंटच्या फीसकट. यात सगळ्यात आधी हेल्मेट, सूट, सीट, हार्नेस (रेसचा सीटबेल्ट), रोल बार. हेल्मेट आणि हार्नेस कुणाचं जुनं घेऊ नका, हार्नेसच्या लेबलवर मुदत छापलेली असते आणि ती उलटली की तपासणीतच परत पाठवतात, म्हणजे ही खरेदीसुद्धा एकदाची नाही, काही वर्षांनी परत येणारा खर्च आहे. त्यानंतर ब्रेक आणि चांगलं ब्रेक फ्लुइड. मग ऑइलचा फिल्टर आणि कूलर. मागची बाजू जुन्या पद्धतीची स्विंग अ‍ॅक्सल आहे की आयआरएस (नंतरचं सुधारित सस्पेन्शन) ते तुम्ही लिहिलं नाही, स्विंग अ‍ॅक्सल असेल तर जोरात वळताना मागचं बाहेरचं चाक आत दुमडायला बघतं, त्यावर थोडे पैसे घालणं कार्ब्युरेटरपेक्षा शंभर पटीने शहाणपणाचं. यातलं जवळपास सगळं बोल्ट खोलून परत काढता येतं, काढलेले ओरिजिनल पार्ट डब्यात नाव घालून ठेवा, भंगारात देऊ नका.

आणि उरलेला सगळा पैसा चालवण्यात घाला. ५० हॉर्सपॉवरच्या आसपासची गाडी नीट पळवायला शिकलात की पुढे काय हवंय ते तुमचं तुम्हालाच कळेल, कदाचित इंजिन नकोच वाटेल, सीझन संपेपर्यंत कंटाळाही येऊ शकतो, होतं असं, आणि तेव्हा १७० गेलेले असले तर वाईट वाटत नाही.

दुसरा एक पर्याय तुम्ही लिहिलाच नाही. कुणीतरी आधीच बनवलेली, लॉगबुक (शर्यतींची नोंदवही) असलेली रेस बीटल विकत घेणं. बनवणाऱ्याने जो पैसा घालवला तो त्याचा गेला, तुम्हाला केज, ब्रेक, सीट बरंचसं तयार मिळतं, आणि मामांची गाडी तशीच राहते. मामांबद्दल तुम्ही जे दोन परिच्छेद लिहिलेत ते वाचून मला तर वाटतं की ही गाडी भिंतीवर आपटली तर तुम्हाला पैशापेक्षा दुसरंच काहीतरी जास्त लागेल. ट्रॅकवर तीच गाडी न्यावी जी पूर्ण गेली तरी दुसऱ्या दिवशी घर चालेल आणि झोपही लागेल. यावर नवऱ्याशी बोला, मला उत्तर द्यायची गरज नाही.

इन्शुरन्सचं मात्र उत्तर लागेल. गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग साधारणपणे वगळलेलं असतं, म्हणजे ट्रॅकवर काहीही झालं तर बिल तुमचं, आणि कित्येक ट्रॅकवर बॅरियर तुटला तर तोही चालकाच्याच खात्यात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे घर तुमच्या पगारावर चालतंय. टर्म इन्शुरन्स, अपघात विमा, कंपनीचं ग्रुप कव्हर, तिन्हीकडे मोटरस्पोर्ट चालतं का हे लेखी विचारून घ्या. प्रीमियम थोडा वाढवतील, वाढवू देत. लपवून ठेवलंत आणि क्लेम नाकारला गेला तर त्या पैशाची गरज असलेली माणसं तुमच्या घरातली आहेत. हे पहिल्या इव्हेंटच्या आधी, गेज-बिज लावायच्याही आधी.

एका परिस्थितीत माझं म्हणणं बदलेल. गॅरेजवाल्याला सांगून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा आणि क्रँकचा एंड प्ले (पुढेमागे हलण्याची ढिलाई) डायल गेजवर बघा. नवीन इंजिनात तो ०.०७ ते ०.१३ मिमी असतो, ०.१५ च्या पुढे गेला असेल तर इंजिन तसंही उघडावं लागणार आहे, हौस असो वा नसो. मग प्रश्न नऊ पगारांचा राहत नाही, साध्या रीबिल्डपेक्षा वरचे किती एवढाच राहतो, आणि तेव्हा नंबरवाली ओरिजिनल केस कपाटात ठेवून दुसऱ्या केसवर १७७६ सीसी बांधणं, स्टॉक क्रँक आणि ९०.५ चे पिस्टन, हे परवडणारं असू शकतं, क्लासचे नियम बघून आणि दोन वर्षांच्या मोकळ्या पैशातून. ते दोन आकडे आणि साध्या रीबिल्डचं वेगळं कोटेशन मला पाठवा. तोपर्यंत लोनच्या अर्जावर सही करू नका, आणि केली असेल तर रक्कम खात्यात यायच्या आत रद्द करायला काय लागतं ते आजच बँकेला विचारा.