तोंडी नकाराला अपील नसतं

मराठवाड्यातल्या एका खेड्यातून एका ताईंचं पत्र आलंय. नाव-गाव-तालुका त्यांच्या विनंतीवरून देत नाही. त्यांचा धाकटा भाऊ 34 वर्षांचा, 11 वर्षांपासून स्किझोफ्रेनियाचा रुग्ण. 2021 साली त्याला 50 टक्क्यांचं तात्पुरतं दिव्यांगत्व प्रमाणपत्र मिळालं आणि त्यावर संजय गांधी निराधार योजनेचा पगार सुरू झाला. प्रमाणपत्राची मुदत संपली, पगार बंद पडला. तहसीलमध्ये सांगतात, नवीन यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं केंद्र सरकारचं ओळखपत्र) आणा. रुग्णालयात सांगतात, मानसोपचार तज्ज्ञांची जागा रिकामी आहे, दुसऱ्या जिल्ह्यात जा. खिडकीवरच्या एकाने तर भावाकडे बघून म्हटलं, "धडधाकट दिसतो की, ह्याला कसलं अपंगत्व!" ग्रामीण रुग्णालयात मिळणारी रिस्पेरिडोनची गोळी काही महिन्यांपासून बाहेरून विकत आणावी लागते. बँकेत केवायसी करायला गेल्यावर उत्तर मिळालं, अशा माणसाच्या खात्याला कोर्टाचा पालक लागतो. हे कानावर गेल्यावर चुलतभाऊ म्हणाला, मी पालक होतो, पण त्याच्या वाट्याच्या दोन एकरांचं हक्कसोडपत्र करून द्या. ताईंचा शेवटचा प्रश्न असा: "आम्ही ह्या लोकांशी भांडायचं, का हात जोडायचे?"

ताई, तुमचं पत्र वाचताना एक गोष्ट सारखी खटकत होती. तहसील, रुग्णालय, बँक, सगळीकडे तुम्हाला "सांगितलं". लिहून कुणीच दिलं नाही. तुम्हीही कुठे अर्ज देऊन पोच घेतल्याचं पत्रात दिसत नाही. इथेच सगळं अडलंय. तोंडी नकाराला अपील नसतं. खिडकीवरच्या माणसाने "होत नाही" म्हटलं आणि तुम्ही परत फिरलात, तर सरकारच्या दप्तरी तुम्ही कधी आलाच नव्हता. म्हणून पुढे जे जे सांगतोय ते कागदावर करा, आवक शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्या. घेतच नाहीत म्हणाले तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा.

पहिल्यांदा प्रमाणपत्राचं बघू, कारण बाकीचं बरंचसं त्यावर अवलंबून आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये 21 प्रकारची दिव्यांगत्वं आहेत, त्यात मानसिक आजार आहे. तेव्हा "धडधाकट दिसतो" ह्या वाक्याला कायद्यात जागा नाही. मानसिक आजाराची टक्केवारी चेहऱ्यावरून काढत नाहीत. त्यासाठी "आयडियाज" नावाची ठरलेली मोजपट्टी आहे. ती चार गोष्टी बघते: स्वतःची स्वच्छता-खाणंपिणं सांभाळता येतं का, माणसांत मिसळता येतं का, बोलणं कळतं आणि सांगता येतं का, आणि काम करता येतं का. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. आजार किती वर्षांचा आहे, यालाही वेगळे गुण आहेत. एकूण 20 पैकी 7 किंवा जास्त आले की दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त धरतात आणि बहुतेक योजनांची दारं तिथेच उघडतात.

म्हणून तपासणीला जाताना 11 वर्षांचे सगळे कागद न्या. जुने केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या, 2021 चं प्रमाणपत्र. कागद हरवले असतील तर मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 च्या कलम 25 खाली त्याच्या उपचारांची कागदपत्रं मागण्याचा त्याला हक्क आहे. शिवाय घरी बसून एक पानभर लिहा: अंघोळीला किती वेळा सांगावं लागतं, एकटा बाजारला जाऊ शकतो का, शेतात कामाला लावलं तर किती वेळ टिकतो, रात्री झोपतो का. आपल्याकडे घरची माणसं डॉक्टरांसमोर "आता बरंय त्याचं" म्हणतात. चारचौघांत आपल्या माणसाचं उणं सांगायला जीव धजत नाही. पण त्या दिवशी खरं सांगायचं. वाढवून सांगू नका, झाकूही नका.

तज्ज्ञ नाहीत हे कारण तुमच्या माथी मारता येणार नाही. अर्ज यूडीआयडीच्या पोर्टलवर होतो, महा ई-सेवा केंद्रातून करून घ्या आणि अर्ज क्रमांकाची पावती जपा. ऑक्टोबर 2024 मध्ये नियम बदलले, त्यानुसार प्रमाणपत्र द्यायला 3 महिन्यांची मुदत आहे. आधी ती एका महिन्याची होती. मुदत वाढवली हे मला मुळीच पटलेलं नाही. ज्या भागात तपासणीचा दिवस मिळता मिळत नाही तिथल्या माणसाला एकेक महिना म्हणजे पगाराचा एकेक हप्ता असतो. तरी मुदत आहे, एवढं आपल्या कामाचं. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावाने असा अर्ज द्या:

"माझ्या भावाचा दिव्यांगत्व प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाचा अर्ज क्रमांक अमुक, दिनांक अमुक रोजी दाखल आहे. आपल्या रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञ उपलब्ध नसल्याचे तोंडी सांगण्यात आले. तरी तपासणी कोणत्या तारखेस, कोणत्या ठिकाणी होईल ते लेखी कळवावे. उपलब्ध नसल्यास तसे कारणासह लेखी द्यावे."

एवढंच. रागाचा एक शब्द नको. प्रमाणपत्र नाकारलं किंवा टक्केवारी कमी दिली तर 2016 च्या कायद्याच्या कलम 59 खाली अपील करता येतं, आणि त्या अपिलाला हेच कागद लागतील. आणखी एक: ज्याच्या स्थितीत फरक पडण्याची शक्यता नाही त्याला कायमचं प्रमाणपत्र देण्याची तरतूद नियमांत आहे. तुमचा भाऊ त्यात बसतो का हे डॉक्टरच ठरवतील, पण विचारायला काय हरकत आहे? दर काही वर्षांनी हाच फेरा नको.

आता पगार. इथे तहसीलचं एक म्हणणं बरोबर आहे, ते तुम्हाला सांगितलंच पाहिजे. मुदत संपलेल्या प्रमाणपत्रावर अनुदान चालू ठेवता येत नाही असं ते म्हणू शकतात. पण चालू असलेला लाभ बंद करायच्या आधी नोटीस द्यावी लागते, म्हणणं ऐकावं लागतं. तुम्हाला बँकेत गेल्यावर कळलं, म्हणजे हे झालेलं नाही. तहसीलदारांना अर्ज द्या: कोणत्या आदेशाने, कोणत्या तारखेपासून लाभ बंद केला त्याची प्रत द्यावी, नूतनीकरणाचा अर्ज दाखल आहे, पावती सोबत आहे, प्रमाणपत्र येताच बंद झाल्या तारखेपासूनच्या रकमेसह लाभ सुरू करावा. मागची रक्कम मिळेलच असं वचन मी देत नाही, पण मागितलीच नाही तर पुढे कोर्टातही सांगायला जागा राहत नाही. आदेशाची प्रत मिळाली नाही तर माहिती अधिकारात मागा. 10 रुपये फी, 30 दिवसांची मुदत. दर महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी तालुक्याचा लोकशाही दिन असतो, तिथेही हे प्रकरण मांडा.

ह्या पगाराबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण "हात जोडायचे का" ह्या तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. 2016 च्या कायद्याचं कलम 24 म्हणतं, सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान 25 टक्के जास्त मदत मिळाली पाहिजे. कायदा एप्रिल 2017 पासून लागू आहे. जुलै 2023 मध्ये निराधार योजनेची रक्कम 1500 झाली, ती दिव्यांगांना आणि इतरांना सारखीच. 1500 ची सव्वापट 1875 होते. हा फरक संघटना मांडत राहिल्या, निवेदनं दिली, मोर्चे काढले. जून 2025 मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीला बच्चू कडूंचं अन्नत्याग आंदोलन झालं, त्यात दिव्यांगांना महिना 6000 रुपये ही एक मागणी होती. त्यानंतर राज्य मंत्रिमंडळाने दिव्यांगांची रक्कम 2500 केली, ऑक्टोबर 2025 पासून. सहा हजार झाले नाहीत, पण इतरांपेक्षा हजार रुपये जास्त मिळू लागले. दिव्यांगांसाठी राज्याचा स्वतंत्र विभागही डिसेंबर 2022 मध्येच झाला. ह्यातलं काहीही कुणी खुशीने दिलेलं नाही, माणसं मागत राहिली म्हणून झालं. तुमच्या भावाचा लाभ पुन्हा सुरू होईल तो 2500 ने, 1500 ने नव्हे, हे खात्यावर नीट बघा.

गोळीचं प्रकरण मला सगळ्यात जास्त काळजीचं वाटतं. पगार उशिरा मिळाला तर हाल होतात, गोळी चुकली तर माणूस पुन्हा आजारात जातो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 18 इथे स्पष्ट आहे. अत्यावश्यक औषधांच्या यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सगळ्या सरकारी रुग्णालयांत मानसिक आजाराच्या रुग्णांना फुकट आणि कायम उपलब्ध असली पाहिजेत. रिस्पेरिडोन ह्या यादीत आहे. दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णाला, त्याच्याकडे ते कार्ड असो वा नसो, सरकारी ठिकाणी मानसिक आजाराचे उपचार पूर्ण फुकट. इतकंच नाही, जिल्ह्यात किमान सेवा उपलब्ध नसतील तर जिल्ह्यातच दुसरीकडे घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने उचलायचा, असंही तेच कलम म्हणतं. तेव्हा मेडिकलची बिलं फेकू नका, पक्की बिलं मागून घ्या.

त्याच कायद्याच्या कलम 28 खाली तक्रार आधी रुग्णालयाच्या प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्याकडे करायची. उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे जायचं. मंडळाला फी नाही, अर्ज 90 दिवसांत निकाली काढण्याची अपेक्षा आहे. तोवर गोळी थांबवू नका. तक्रारीच्या निकालासाठी थांबता येतं, आजार थांबत नाही. रात्री-अपरात्री त्याची तब्येत बिघडली तर 14416 ह्या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाईनच्या, क्रमांकावर बोला, मराठीत बोलता येतं. आपल्या आठही जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी सुरू झालेला प्रेरणा प्रकल्प आहे, त्यामुळे गावातल्या आशाताईंना मानसिक आजाराचा विषय नवा नाही. त्यांनाही सांगून ठेवा.

तुम्ही लिहिता, गावातले काही जण त्याला येरवड्याला नेऊन सोडा म्हणतात. ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी ही राज्याची जुनी चार मनोरुग्णालयं, मराठवाड्यात त्यातलं एकही नाही. तिथे उपचारासाठी दाखल करता येतं, सोडून देता येत नाही. त्याच्या मर्जीविरुद्ध दाखल करायचं तर कायद्याच्या अटी आहेत आणि पहिली मुदत जास्तीत जास्त 30 दिवसांची. तुमचा भाऊ गोळीवर घरात राहतोय, आईजवळ. तिथेच राहू द्या.

आता बँक आणि चुलतभाऊ. हे दोन वेगळे विषय आहेत, पण तुमच्या घरात ते एकाच दिवशी एकत्र आले, आणि धोका तिथे आहे.

मानसिक आजार आहे म्हणून माणूस कायद्याने अक्षम ठरत नाही. 2017 च्या कायद्याचं कलम 3 सरळ सांगतं की सक्षम न्यायालयाने तसं ठरवल्याशिवाय केवळ आजाराच्या निदानावरून त्याला विकलमनस्क, म्हणजे मन ठिकाणावर नसलेला, धरता येणार नाही. 2016 च्या कायद्याचं कलम 13 म्हणतं, दिव्यांग माणसाला इतरांसारखीच कायदेशीर पात्रता आहे. तुमचा भाऊ स्वतःची सही करतो, पगार किती येतो ते त्याला कळतं, असं तुम्हीच लिहिलंय. मग त्याचं खातं त्याच्याच नावाने चालेल, हवं तर आईबरोबर संयुक्त करा. बँकेला अर्ज द्या, पालक कोणत्या नियमाने लागतो ते लेखी मागा. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. बहुतेक वेळा लेखी कारण मागितलं की शाखेतच काम होतं.

कुणी तुम्हाला जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी पाठवेल. तिकडे जाऊ नका. ती समिती 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व यांसाठी आहे. मानसिक आजार तिच्या कक्षेत नाही. खरंच कधी गरज पडली तर 2016 च्या कायद्याच्या कलम 14 खाली मर्यादित पालकत्व मिळतं: ठरावीक कामापुरतं, ठरावीक काळापुरतं, आणि तेही त्याच्याशी विचारविनिमय करून, त्याच्या इच्छेप्रमाणे.

आणि जमीन? हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 चं कलम 28 सांगतं, कुठल्याही रोगामुळे किंवा व्यंगामुळे वारसाहक्क जात नाही. ते दोन एकर त्याचेच आहेत. चुलतभावाला सांभाळायचंच असेल तर त्यासाठी जमीन लागत नाही. ज्याचा स्वतःचा फायदा आहे त्याने त्या व्यवहारात आधार देणारा म्हणून राहू नये, असं 2016 च्या कायद्याच्या कलम 13 मध्येच लिहिलंय. हक्कसोडपत्रावर त्याची सही घेतली आणि त्याला त्या वेळी समजत नव्हतं असं सिद्ध झालं तर दस्त टिकणार नाही, पण ते सिद्ध करायला दिवाणी कोर्टात वर्षं जातील. सही होऊच देऊ नका. सातबारा आणि फेरफार दर काही महिन्यांनी काढून बघत जा. फेरफाराची नोटीस आली तर 15 दिवसांच्या आत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या.

ह्या सगळ्यातून काम झालं नाही तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करायची. त्यांना चौकशीचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत आणि त्यांच्या शिफारशीवर संबंधित कार्यालयाला 3 महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं. त्यापुढे औरंगाबाद खंडपीठ आहेच. पण खंडपीठातही पहिला प्रश्न हाच येईल, तुम्ही अर्ज कधी केला, पोच दाखवा.

वकिलाचा खर्च कसा करायचा, असं तुम्ही विचारलंय. दिव्यांग व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 खाली वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, फोनवर 15100. जाताना भावाला बरोबर न्या, अर्जावर सही त्याची असू द्या. आणि जुनं प्रमाणपत्र, आधार, बँकेचं पासबुक यांच्या दोन-दोन झेरॉक्स काढून न्या, मूळ कागद कुणाच्या हातात देऊन येऊ नका.